अपूर्ण वह्या

४ मार्च, सोमवार

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर एकच टिक दिसते, आणि ती अडीच वर्षं तशीच आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला एका बटणाने गप्प करता येत नाही. फाडायचा असेल तर निदान वाचून फाड.

आधी बाबा. तब्येत बरी आहे, भूक लागते, जिना अजून एकटे उतरतात. हाताची थरथर वाढली आहे, पण ते त्यांनी तुला सांगितलं नसेल. रविवारी अकराला तुमचा फोन असतो हे मला माहीत आहे. त्या वेळी मी भाजी आणायला जाते. दोन माणसांना एवढी भाजी लागत नाही, तरी दीड तास लावून आणते.

आता कामाचं. आमचे मोठे साहेब निवृत्त झाल्याचं तुमच्या कंपनीत कळलंच असेल. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या आहेत. पंचवीस वर्षं शिलाई मशीनच्या कारखान्यात होत्या, आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेल्या नाहीत, असं स्वतःच सांगतात. पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं आणि म्हणाल्या, "दुकानात पलीकडच्या कंपनीची गेमची तीन यंत्रं खपतात तेव्हा आपलं एक खपतं. का, ते मला एका पानात लिहून द्या. अट एकच. दुसऱ्या विभागाचं नाव घ्यायचं नाही."

उत्तरं सगळ्यांकडे तयार होती, पण ती सगळी शेजारच्या विभागातली. विक्रीवाले म्हणतात किंमत जास्त आहे. किंमत ठरवणारे म्हणतात जाहिरात कमी पडली. जाहिरातवाले म्हणतात दाखवायला चांगले गेम कुठे आहेत. गेमवाले म्हणतात यंत्रच एवढं किचकट आहे की त्यावर एक गेम बनवता बनवता केस पिकतात. आणि यंत्रवाले म्हणतात आमचं यंत्र पलीकडच्यांपेक्षा दीडपट ताकदवान आहे, लोकांनाच अक्कल नाही. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर पाच अंगणं.

बाईंनी मुदत दिली आहे दोन मेची. पानं पटली नाहीत तर यंत्र बनवणं बंद करायचं आणि दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी नुसते गेम बनवत बसायचं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. म्हणजे जोडणीचा मजला बंद. बाबांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं तो साचा विभाग बंद. चारशे माणसं घरी.

चाचणी विभागाचं माझं पान अजून कोरं आहे. तू आता त्या पलीकडच्या कंपनीत बसतेस, तिथून आम्ही जास्त स्पष्ट दिसत असू. तुमची गुपितं सांग असं म्हणत नाही. फक्त एवढंच सांग की लोक आमचं यंत्र घरी नेऊन खेळत का नाहीत. बहीण म्हणून विचारते आहे.

तुझी ताई

१९ मार्च, मंगळवार

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत चार शब्द. "बाबांची वही कुठे आहे?" ना वर काही, ना खाली सही. शब्दांवर कर बसला आहे का तुमच्याकडे?

वही असेल रेकॉर्डच्या खोलीत. त्या वर्षीच्या दोनशे वह्या आहेत आणि खोली तू पाहिली आहेस. तिथे माणूस हरवला तरी सापडायचा नाही.

पण विषय तू काढलास म्हणून माझी बाजू एकदा नीट सांगते. अडीच वर्षांपूर्वी त्या बैठकीत तू मला बोलूच दिलं नाहीस. म्हणजे, बोलले ते मीच बोलले, पण हे राहिलं.

घरचा आठवडा हा आपल्या कंपनीचा जुना रिवाज. नवीन यंत्र बाजारात जायच्या आधी दोनशे कर्मचारी एकेक यंत्र घरी नेतात. त्याच्याबरोबर निळ्या पुठ्ठ्याची वही. ती कर्मचाऱ्याने भरायची नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या हाताने भरायची. रोज एक पान, सात दिवस. वह्या माझ्याकडे येतात आणि मी त्यांचं सार काढते. तू आमच्या कंपनीत यायच्या आधी लोक वह्या कोऱ्याच आणून टाकायचे, यंत्र मात्र आठवडाभर फुकट वापरायचे. म्हणून मी नियम केला, सात पानं भरलेली नसतील ती वही अपूर्ण समजावी आणि मोजू नये. नियम साधा होता आणि चांगला होता. मागच्या यंत्राच्या वेळी दोनशेंपैकी नऊच वह्या अपूर्ण निघाल्या होत्या.

या यंत्राच्या वेळी एकशे एकोणचाळीस निघाल्या. मला वाटलं, लोक आळशी झाले. मी फलकावर सूचनाही लावली होती, तुला आठवत असेल, लाल शाईत. "आळस सोडा, वही भरा." आणि उरलेल्या एकसष्ट वह्यांचं सार काढून मोठ्या साहेबांना दिलं. त्या एकसष्ट घरांत यंत्र सगळ्यांना फार आवडलं होतं. ते मी खोटं लिहिलं नव्हतं. एक आकडाही खोटा नव्हता.

तेव्हा तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "ताई, ज्यांना कंटाळा आला त्यांनीच वही सोडली. तू नेमक्या त्याच वह्या बाजूला काढते आहेस." मी म्हणाले, नियम म्हणजे नियम. आणि तू एवढंसं तोंड करून गेलीस. आता कळतं, तेव्हा तू चिडायला हवं होतंस.

आणखी एक सांगून टाकते, नाहीतर बाबा रविवारी सांगतीलच. आमच्या घरी तुमचं यंत्र आलं आहे. अभ्यासासाठी घेतलं. दुकानात ओळखीचं कोणी बघेल म्हणून भाजीच्या पिशवीत घालून आणलं. बाबा रोज दुपारी खेळतात. लावलं की चहाला आधण येईपर्यंत खेळ सुरू. अक्षरं एवढी मोठी की पलंगावरून वाचता येतात. आणि पहिल्याच पडद्यावर एक बटण आहे, "पाहुणा म्हणून खेळा". ना नाव, ना पासवर्ड. ते बटण कोणाच्या डोक्यातून निघालं हे मला कोणी सांगायला नको. ते तू आधी माझ्याकडे आणलं होतंस. मी म्हणाले होते, गिऱ्हाइकाचं खातं उघडलं नाही तर कंपनीला त्याचं नाव कसं कळणार.

ऑफिसचं कोणी घरी आलं की त्या यंत्रावर मी टॉवेल टाकते. बाबा हसतात.

ताई

७ एप्रिल, रविवार

धाकटे,

तुझं दुसरं पत्र. या वेळी दोन ओळी, म्हणजे प्रगती आहे. "वही रेकॉर्डच्या खोलीत नाही, तुझ्या कपाटात आहे. बाकीच्या एकशे अडतीस वाच, मग लिही."

कपाटातच आहे. बैठकीनंतर मीच ती घरी आणली. खालच्या कप्प्यात, थंडीच्या कपड्यांखाली. तुला कसं कळलं हे विचारत नाही. लहानपणी तुझी बाहुली मोडली होती तेव्हाही मी ती तिथेच ठेवली होती.

दुसरं एक कबूल करते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की बहीण म्हणून विचारते आहे. ते तसं नव्हतं. नव्या बाईंनी मला विचारलं होतं, "तुमची धाकटी बहीण पलीकडे आहे ना? बोलणं होतं का?" मी म्हणाले, "होतं की." अडीच वर्षांत एक शब्द नाही, आणि मी म्हणाले, "होतं की." मग ते खरं करायला तुला पत्र लिहिलं. पत्र टाकून आल्यावर मात्र मी दोन तास नुसती बसून होते. काम म्हणून लिहिलेल्या पत्राची माणूस एवढी वाट बघत नाही.

तर, वह्या वाचल्या. दहा दिवस लागले. रेकॉर्डच्या खोलीच्या खिडकीत स्टूल टाकून रोज जेवणाच्या सुट्टीत तेरा-चौदा वाचल्या. शिपाई म्हणाला, "बाई, परीक्षा आहे का?" मी म्हणाले, "हो, अडीच वर्षं उशिरा."

गंमत म्हणजे त्या वह्या अपूर्ण नाहीतच. म्हणजे पानं तीन आहेत, चार आहेत, पण सांगायचं ते माणसाने सांगून टाकलं आहे. जोडणी मजल्यावरच्या फोरमनच्या सासूबाई लिहितात, "यंत्र लावलं. त्याने सांगितलं थांबा, नवीन माहिती उतरवतो आहे. पन्नास मिनिटं थांबले. तोवर पाहुणे आले." पुढे पान नाही. एका ड्रायव्हरचा मेहुणा लिहितो, "आधीच्या यंत्राचे माझ्याकडे अकरा गेम आहेत. यावर एकही चालत नाही. मग मी आधीचंच लावलं." पुढे पान नाही. एका कारकुनाची बायको लिहिते, "अक्षरं मुंग्यांएवढी. मुलगा म्हणतो टीव्ही मोठा घे. मी म्हणते यंत्र परत दे." कोणी लिहितं पासवर्ड विसरलो. कोणी लिहितं कंट्रोलरचं खालचं बटण दाबून अंगठा दुखतो. एकाही वहीत ताकद कमी आहे असं लिहिलेलं नाही. एकाही वहीत किंमत नाही, कारण त्यांना ते फुकटच मिळालं होतं. फुकट मिळालेलं यंत्र लोकांनी चौथ्या दिवशी बाजूला ठेवलं.

मग मी त्या एकसष्ट पूर्ण वह्या पुन्हा काढल्या. बेचाळीस घरांत वही भरणारा कोणीतरी पंचविशीच्या आतला होता, घरी तीन-तीन यंत्रं असणारा, त्याला कसलंच यंत्र नावडलं नसतं. उरलेल्यांत सातही दिवसांची पानं एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली. माझ्या लाल सूचनेनंतर भरली असणार.

म्हणजे आम्ही यंत्र बनवलं ते त्या बेचाळीस जणांसाठी. ते आम्ही तुमच्यापेक्षा चांगलं बनवलं, आणि ते त्या बेचाळीस जणांनी घेतलंही. बाकीचे दुकानात आले, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजाऱ्याने जे सांगितलं ते माझ्याकडे अडीच वर्षं निळ्या पुठ्ठ्यात पडून होतं.

एकशे अडतीस झाल्या. एक राहिली आहे. ती उघडली नाही अजून.

ताई

१८ एप्रिल, गुरुवार

धाकटे,

उघडली.

पान पहिलं. "यंत्र देखणं आहे. कडा छान बसल्या आहेत, सांधा दिसत नाही, साचा कोणी केला त्याला शाबासकी द्या. सुरू व्हायला पन्नास मिनिटं. मग नाव, ईमेल, पासवर्ड. टाइप करताना हात हलतो, चार वेळा चुकलो. राहू दिलं."

पान दुसरं. "अक्षरं दिसत नाहीत म्हणून खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मुलींचा होडीचा गेम घातला. यंत्र म्हणतं, ओळखत नाही. आपल्याच कंपनीचा गेम."

होडीचा गेम आठवतो ना तुला? तू वल्हवायचीस, मी सुकाणू धरायचे. दोघींनी एकदम दाबलं नाही तर होडी गोल फिरायची. तू कायम ओरडायचीस की ताई तू उशिरा दाबतेस.

पान तिसरं. "धूळ बसू नये म्हणून यंत्रावर कापड घातलं. धाकटे, ही वही थोरलीला दाखवू नकोस. तिने फार कष्ट केले आहेत."

मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होते. बाबा बाहेरच्या खोलीत तुमच्या यंत्रावर मासे पकडत होते. गळाला मासा लागला की ते "या" म्हणतात, पाहुण्याला म्हणावं तसं. तेवढा एक आवाज येत होता.

बाबांनी नको म्हटलं तरी तू वही मला दाखवलीस, कारण तुला ते यंत्र वाचवायचं होतं. मी न उघडताच अपूर्णच्या ढिगावर टाकली. म्हणून तू ती बैठकीत उघडलीस. पहिली दोन पानंच वाचलीस. तिसरं वाचलं नाहीस. ते वाचलं असतंस तर वही बाबांचीच आहे हे सगळ्यांना पटलं असतं, आणि मी सगळ्यांसमोर उघडी पडले असते. तू मला झाकलंस, आणि मी काय केलं?

ते आता लिहितेच. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही वही बाबांची नाही. बाबांचं अक्षर मी ओळखते. हिने स्वतःच भरली आहे." साचा विभागातले जुने लोक होते तिथे. बाबांच्या नकाशांवरचं अक्षर, छापल्यासारखं, सगळ्यांना पाठ. त्यांनी ती वेडीवाकडी ओळ पाहिली आणि मान हलवली. मोठे साहेब तुझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." दुसऱ्या दिवशी तुला चौकशीची नोटीस आली, आणि तिसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास.

मला गैरसमज झाला होता, असं मी स्वतःला अडीच वर्षं सांगत आले. हात एवढा बिघडला आहे हे माहीत नव्हतं, असं. धाकटे, त्या दिवशी सकाळी बैठकीला निघण्याआधी मीच त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली होती. आधीच्या दिवशीही. त्याच्या आधीच्याही. मला माहीत होतं ते अक्षर कोणाचं आहे.

तू खोटी ठरलीस कारण मला चुकलेली दिसायचं नव्हतं. बाकी काही कारण नाही. यंत्रासाठी नाही, कंपनीसाठी नाही, मोठ्या साहेबांसाठीही नाही.

माझं पान मला आता लिहिता येईल. पण त्याआधी बाबांना सांगावं लागेल. साचा विभागातले दोघे अजून त्यांच्याकडे चहाला येतात, त्यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तू त्यांना काहीच सांगितलं नाहीस हे मला माहीत आहे. ते अजून म्हणतात, धाकटीला तिकडे चांगला पगार मिळाला म्हणून गेली. दर रविवारी मी भाजीला जाते आणि परत येताना जिन्यात थांबून त्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेते, आज सांगितलं असेल का तिने. अडीच वर्षं तू नाही सांगितलंस.

ताई

३ मे, शुक्रवार

धाकटे,

दोन्ही झालं. क्रमाने सांगते.

बाबांना रविवारी सांगितलं. तुझा फोन झाल्यावर. भाजीला गेलेच नाही. खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सगळं सांगितलं, बटणांसकट. शेवटी त्यांनी तुझाच प्रश्न विचारला, "वही कुठे आहे?" मी आणून दिली. भिंग घेऊन तिन्ही पानं वाचली. मग म्हणाले, "अक्षर खरंच वाईट आहे." वही मिटून म्हणाले, "पण माझंच आहे."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटणं लावायला गेले तर त्यांनी हात बाजूला केला. स्वतः लावली, एक खाली एक वर. तसेच दिवसभर बसले. रागावायचा त्यांना हक्क होता आणि मला ते बघायची शिक्षा.

काल बैठक. आम्ही सगळ्यांनी पानं दिली. बाकीच्यांनी दुसऱ्या विभागाचं नाव न घेता दुसऱ्या विभागालाच बोल लावले होते, ती पण एक कलाच म्हणायची. माझं पान छोटं होतं. यंत्र लोकांनी कुठे सोडलं, ते एकशे एकोणचाळीस वह्यांतून काढून लिहिलं. शेवटी लिहिलं की हे अडीच वर्षांपूर्वी एका मुलीने सांगितलं होतं, ती खरं बोलत होती, वही आमच्या वडिलांच्याच हातची आहे, आणि मी ते माहीत असून नाकारलं. ते पान बाईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

यंत्रवाले म्हणाले, "आता बोलून काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला." बाई म्हणाल्या, "बैल दर चार-पाच वर्षांनी नवीन येतो. झोपा तरी आता नीट करा." मग माझ्याकडे वळल्या. "शिलाई मशीन परत आलं की आम्ही ते सगळ्यात आधी उघडायचो. खपलेली मशीन काही शिकवत नाही. तुम्ही परत आलेली सगळी कपाटात ठेवलीत."

मी म्हणाले, "हो."

यंत्र बंद होणार नाही. निदान एक वर्ष तरी नाही. जोडणीचा मजला राहतोय. जुने गेम नव्या यंत्रावर चालवायचं काम गेमवाल्यांना आणि यंत्रवाल्यांना एकाच खोलीत बसून करायचं आहे. दोघांनी एकमेकांकडे जसं पाहिलं त्यावरून खोलीचं दार बाहेरून लावावं लागेल. बाकी काय ठरलं ते सांगत नाही, तू पलीकडची आहेस. अक्षरं मोठी होतील एवढं मात्र तुला कोणत्याही दुकानात दिसेलच. आम्ही तुम्हाला गाठू का, मला माहीत नाही. ज्यांनी एकदा आमचं यंत्र बाजूला ठेवलं ते परत कशाला येतील? पण त्यांचे अकरा गेम अजून त्यांच्या कपाटात असतील, तेवढी एक आशा आहे.

माझं प्रमुखपद गेलं. ते मी सोडायच्या आधीच बाईंनी काढून घेतलं, तेवढंही समाधान मला मिळू दिलं नाही. आता मी अपूर्ण वह्या वाचणारी बाई. नवीन नियमाप्रमाणे त्या आधी वाचायच्या. साहेबांच्या सहीची तुझी नोटीस रद्द झाल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. माझं पान फलकावर लावलं आहे, जिथे लाल शाईतली सूचना होती तिथेच. साचा विभागातले दोघे ते वाचून माझ्याशी न बोलता निघून गेले.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तुला तसं वाटलं तर वाटेल.

ताई

१२ मे, रविवार

धाकटे,

या पत्राबरोबर निळी वही पाठवते आहे. कंपनीची वस्तू बाहेर कशी पाठवू म्हणून बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनी लिहिली ती त्यांची." मग बाबांना विचारलं, धाकटीकडे पाठवू का. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी. म्हणाले, "आधी पेन दे."

वीस मिनिटं लागली त्यांना. मी वही धरायला गेले तर म्हणाले, "तू नको धरू, नाहीतर पुन्हा कोणी म्हणेल माझं अक्षर नाही." तेव्हा मी हसले आणि रडलेही, एकदमच. त्यांनी दुर्लक्ष केलं आणि लिहीत राहिले.

आज सकाळी बटणं लावायला हात पुढे केले तर त्यांनी हात बाजूला केला नाही. फक्त म्हणाले, "वरून सुरू कर." मी वरून सुरू केलं.

चाचणीसाठी नवीन यंत्राचा पहिला नमुना पुढच्या महिन्यात घरी येईल. होडीचा गेम त्यावर चालेल असं दोन्ही विभाग शपथेवर सांगतात. एकट्याने तो खेळता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी सुकाणू धरेन. यावेळी उशिरा दाबणार नाही, असं म्हणणार होते, पण मी मुळातच उशिरा दाबते, तुला ओरडून सांगावं लागेल.

चौथ्या दिवसाचं पान उघड. अक्षर वाईट आहे म्हणून इथे नीट उतरवून देते. "दिवस चौथा. कापड काढलं. धाकटी आली की लावू."

पुढची तीन पानं कोरी आहेत. वही अजून अपूर्ण आहे.

ताई